गिरणीतून विहिरीकडे : खानदेशातील विरंजक चूर्णाचा इतिहास

प्रस्तावना

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील एखाद्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात गेल्यास दप्तराच्या कपाटामागे, बहुधा कोपऱ्यात, एक पांढरट पोते उभे असते. खोलीत शिरताच नाकाला झोंबणारा वास येतो. गावकरी त्या पदार्थाला 'टीसीएल' म्हणतात. पावसाळा तोंडावर आला की 'विहिरीत टीसीएल टाकली का?' हा प्रश्न ग्रामसभेपासून पारापर्यंत विचारला जातो. या तीन अक्षरांचा विस्तार मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असतो. ट्रॉपिकल क्लोराईड ऑफ लाइम, म्हणजे उष्ण कटिबंधासाठी तयार केलेले चुन्याचे क्लोराईड, हे त्याचे मूळ नाव होय. शास्त्रीय मराठीत यालाच विरंजक चूर्ण म्हणतात. नावातील पहिलाच शब्द असे सांगतो की, हा पदार्थ मुळात थंड देशात जन्मला आणि उष्ण देशात तो टिकत नाही हे त्याच्या उत्पादकांना फार पूर्वी कळून चुकले होते.

कापडगिरणीच्या इतिहासाचे अभ्यासक आणि सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाचे अभ्यासक सहसा परस्परांच्या वाटेला जात नाहीत. विरंजक चूर्ण हा या दोन्ही इतिहासांना जोडणारा दुवा आहे. ज्या गुणाने हे चूर्ण कापडाचा पिवळेपणा घालविते, त्याच गुणाने ते पाण्यातील जंतू मारते, आणि त्याच गुणाने ते पोत्यात पडल्यापडल्या स्वतःही संपत जाते. खानदेशासारख्या प्रदेशात, जिथे भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे या तिसऱ्या गोष्टीला पहिल्या दोहोंइतकेच महत्त्व आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

पांढऱ्या कापडाचा मार्ग

यंत्रयुगापूर्वी कापड पांढरे करणे हे काळाचे काम होते. आपल्याकडे परीट पापडखार, सोडायुक्त खारी माती, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या आणि मुख्यतः ऊन यांच्या आधारे ते करीत असे. कापड खारात भिजवायचे, भट्टीवर वाफवायचे, नदीच्या दगडावर आपटायचे आणि वाळवंटात पसरून पुनःपुन्हा पाणी शिंपडायचे, असा तो क्रम होता. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या काठी परीटघाट असत ते यामुळेच. रंगाऱ्यालाही आधी कापड स्वच्छ झालेले लागे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये फैजपूरच्या छापील कापडाची आणि तेथील गडद निळ्या व तांबड्या रंगाची ख्याती नमूद आहे. त्या रंगकामाआधीचे धुण्याचे श्रम मात्र नेहमीप्रमाणे नोंदींच्या कडेला राहिले.

युरोपातही स्थिती फारशी वेगळी नव्हती. तेथे तागाचे कापड महिनोन्महिने गवतावर पसरून ठेवीत आणि आंबट ताकात भिजवीत. १७७४ साली शेले या स्वीडिश रसायनज्ञाने क्लोरीन वायू मिळविला. १७८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये बेर्तोले याने त्याचा कापड विरंजनासाठी उपयोग दाखविला. वायू हाताळणे कठीण, द्रावण वाहून नेणे कठीण. म्हणून खरी क्रांती झाली ती १७९९ साली, जेव्हा ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून कोरडे चूर्ण तयार करण्याचे एकाधिकारपत्र घेतले. पिंपात भरून ते कोठेही धाडता येऊ लागले. महिन्यांचे काम दिवसांवर आले, आणि लँकेशायरच्या गिरण्यांतून निघणाऱ्या कापडाच्या लोंढ्याला जो पांढरेपणा देणे अन्यथा अशक्य होते, तो या चूर्णाने दिला.

या कथेत खानदेशचा प्रवेश अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात ठळक होतो. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली, अमेरिकेचा कापूस थांबला आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले तेव्हा हीच पेठ होरपळून निघाली. येथील कापूस परदेशी जाई आणि कापड होऊन परत येई. म्हणजे विरंजक चूर्ण खानदेशात प्रथम आले ते पोत्यातून नव्हे, तर मांजरपाटाच्या शुभ्रतेतून, अदृश्य रूपाने. परीटघाटावरील धंद्याला आणि हातमागाला बसलेल्या धक्क्यात सूत व माग यांच्या यंत्रांची चर्चा पुष्कळ झाली आहे. रसायनाचा वाटा तुलनेने दुर्लक्षित राहिला.

पुढे १८७० च्या दशकात जळगावला खानदेश मिल आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली; चाळीसगाव व धुळे येथेही गिरण्या निघाल्या. गिरणीतील विरंजनाची रीत ठरलेली असते. कापड प्रथम क्षारात उकळायचे, नंतर चूर्णाच्या निवळीत बुडवायचे, मग सौम्य आम्लाच्या हौदात घालायचे आणि भरपूर पाण्याने धुवायचे. निवळी तीव्र झाली किंवा धुणे अपुरे राहिले तर सूत कमजोर होते व कापड पेटीतच कुजल्यासारखे फाटते. प्रमाण चुकले की जे वाचवायचे तेच नष्ट होते, हा धडा गिरणीने फार आधी घेतला होता. त्यासाठी तेथे निवळीची शक्ती मोजली जाई. विहिरीपर्यंत हे चूर्ण पोहोचले तेव्हा मोजण्याची ती शिस्त त्याच्याबरोबर पुरती आली नाही.

पटकीचे साल आणि विहिरीचे पाणी

एकोणिसाव्या शतकात खानदेशातील मोठ्या शहरांच्या पाण्याची सोय तलाव व नद्यांवर होती : जळगावला मेहरूणचा तलाव, भुसावळला तापी, धुळ्याला पांझरा आणि पुढे डेडरगावचा तलाव. खेडी मात्र विहिरी, नाले आणि नदीपात्रातील झिरे यांवर जगत. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी तळाला जाई आणि पहिल्या पावसात गावचा सारा मळ विहिरीत उतरे. पटकी म्हणजेच कॉलरा याच सुमारास येई. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा 'छपन्या' दुष्काळ मुंबई इलाख्यात जितका भुकेने स्मरणात राहिला तितकाच दुष्काळी कामांवर पसरलेल्या पटकीने राहिला.

पटकी पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ साली दाखविले होते आणि १८८४ साली रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात तिचा जंतू तलावाच्या पाण्यात पाहिला. तरी हिंदुस्थान सरकारचे आरोग्य खाते दीर्घकाळ हवा, भूमी आणि ऋतू यांनाच दोष देत राहिले. आग्र्याच्या प्रयोगशाळेतील हँकिन याने १८९० च्या दशकात विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. पाणी गुलाबी होई, लोकांना 'औषध' दिसे. 'विहिरीत औषध टाकणे' हा शब्दप्रयोग मराठीत रुजला तो या लाल औषधाच्या काळात, असे मानण्यास जागा आहे. परंतु परमँगनेट महाग होते आणि त्याचा भरवसाही कमी होता.

चुन्याच्या क्लोराईडचा जंतूंवरील उपयोग तोवर अन्यत्र सिद्ध झाला होता. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात झेमेलवाइस याने डॉक्टरांना याच द्रावणात हात धुवावयास लावून बाळंतरोगाचे मृत्यू झपाट्याने खाली आणले. १८९७ साली इंग्लंडमधील मेडस्टन येथे विषमज्वराच्या साथीत पाण्याच्या नळांत ते सोडले गेले आणि १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या संपूर्ण पुरवठ्यात ते नियमितपणे मिसळले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात छावण्यांना पाणी पुरविताना ब्रिटिश लष्करी वैद्य विल्यम हॉरॉक्स याची पेटी उपयोगी पडली. सहा पांढरे पेले, एक काळा पेला, दोन ग्रॅमचा चमचा आणि स्टार्च-आयोडाइडचा दर्शक एवढेच त्या पेटीत असते. काळ्या पेल्यातील चूर्णाचे द्रावण पांढऱ्या पेल्यांत चढत्या प्रमाणात घालून अर्ध्या तासाने पाहायचे. ज्या पहिल्या पेल्यात स्पष्ट निळा रंग दिसेल, त्याच्या क्रमांकाइतके चमचे ४५५ लिटर पाण्याला लागतात. म्हणजे तिसरा पेला निळा झाला तर सहा ग्रॅम. आरोग्य सेवकांच्या प्रशिक्षणात ही पेटी आजही शिकविली जाते. तिची खरी थोरवी अशी की, ती पाण्याची गरज आणि चूर्णाची शक्ती दोन्ही एकाच वेळी मोजते; चूर्ण मेलेले असेल तर एकही पेला निळा होत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावच्या पिण्याच्या पाण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीकडे आली, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांची यंत्रणा तिच्या पाठीशी उभी राहिली. नागपूरच्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आजच्या नीरीने, घरगुती विहिरींसाठी दुहेरी मडक्याची पद्धत काढली. एक किलो चूर्ण व दोन किलो जाड वाळू ओलसर करून भोके पाडलेल्या मडक्यात भरायची, ते दुसऱ्या मोठ्या मडक्यात ठेवायचे आणि जोडमडके पाण्यात सोडून द्यायचे. सुमारे ४,५०० लिटरच्या विहिरीला ते दोन-तीन आठवडे पुरते. कुंभाराच्या आव्यातून निघालेले हे यंत्र कोणत्याही परदेशी यंत्राइतकेच शास्त्रशुद्ध होते, हे येथे नमूद करणे उचित ठरेल.

तीनशे चौदा ग्रॅमचा हिशेब

महाराष्ट्रातील ग्रामीण भागात हजार लिटर पाण्यास पाच ग्रॅम टीसीएल हे प्रमाण रूढ आहे. चार मीटर व्यासाची आणि पाच मीटर पाणी असलेली विहीर घेतली, तर पाणी ६२,८०० लिटर भरते आणि चूर्ण ३१४ ग्रॅम लागते. ताज्या चूर्णात उपलब्ध क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. तेव्हा या हिशेबाने पाण्यात लिटरमागे साधारण १.६ मिलिग्रॅम क्लोरीन पडतो. त्यातील काही भाग गाळ, पालापाचोळा व जंतू यांवर खर्च होतो. तासाभराने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम शिल्लक राहिला तर पाणी सुरक्षित समजायचे. हा शेष क्लोरीन पाहण्यासाठी ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीनची चाचणी करतात. नमुना पिवळा झाला की क्लोरीन आहे. हे रसायन कर्करोगास कारण ठरू शकते म्हणून अनेक देशांनी ते मागे टाकले. आपल्या गावांत 'ओटी घेतली' हा शब्द मात्र क्रियापदासारखा स्थिरावला आहे.

आता हेच पोते एप्रिल व मे हे दोन महिने पत्र्याच्या खोलीत तोंड उघडे ठेवून पडले आहे असे समजू. उष्णता, ओल, प्रकाश आणि लोखंडाचा स्पर्श या चारही गोष्टींनी चूर्णातील क्लोरीन निघून जातो. 'ट्रॉपिकल' प्रकारात कळीचा चुना जादा मिसळलेला असतो तो यासाठीच, की त्याने ओल शोषून घ्यावी आणि ऱ्हास मंदावा. ऱ्हास मंदावतो, थांबत नाही. उपलब्ध क्लोरीन १२ टक्क्यांवर उतरला असेल तर त्याच ३१४ ग्रॅमने लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमच पडतो आणि गढूळ पाण्यात तो काही मिनिटांतच संपतो. चूर्ण टाकले, नोंद झाली, वासही आला. जंतू मात्र राहिले. पोत्यात शेवटी उरतो तो बव्हंशी चुना, आणि चुनाही पांढराच असतो.

म्हणूनच टीसीएलचे नमुने प्रयोगशाळेत तपासून २० टक्क्यांहून कमी क्लोरीन असलेली पावडर अयोग्य ठरविण्याचा दंडक आहे. पावसाळ्यापूर्वी व नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात गावांना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. पद्धत चांगली आहे. तथापि खरेदीचे आर्थिक वर्ष, पोत्याचा मुक्काम आणि ऋतुचक्र यांची सांगड खानदेशात उलटी पडते, असे म्हणावे लागते. वर्षअखेरीस मार्चमध्ये खरेदी झालेला साठा सर्वांत कडक उन्हात पडून राहतो आणि जूनच्या पहिल्या पुरात, जेव्हा त्याची खरी कसोटी असते, तेव्हा तो सर्वांत दुबळा असतो. मुंबईच्या दमट हवेत ओल हा शत्रू असेल. येथे तो ऊन आहे.

पांझरेच्या काठी शतकानुशतके चालत आलेल्या फड पद्धतीची येथे आठवण होते. बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला, केव्हा आणि किती वेळ द्यावयाचे हे पाटकरी ठरवी, आणि त्याच्या मापावर साऱ्या गावाचा विश्वास असे. पाणी मोजणे या प्रदेशाला नवे नाही. आजचा जलसुरक्षक हा एका अर्थाने पिण्याच्या पाण्याचा पाटकरी होय. फरक एवढाच की पाटकऱ्याला गावाने मान दिला, जलसुरक्षकाला तुटपुंजे मानधन.

आणखी एक मर्यादा ध्यानी घ्यावी लागते. खानदेशच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असते. पाण्याचा सामू आठच्या वर गेला की क्लोरीनचे जंतुनाशक रूप, म्हणजे हायपोक्लोरस आम्ल, घटते आणि काम मंदावते. त्यामुळे संपर्काचा वेळ अधिक द्यावा लागतो. सायंकाळी चूर्ण टाकून रात्रभर उपसा बंद ठेवण्याची जुनी रीत यासाठी शहाणपणाची होती. नळयोजनेच्या टाकीत पावडर टाकून दहा मिनिटांत व्हॉल्व्ह उघडण्याची नवी रीत तशी नाही. पाण्यातील क्षार, नायट्रेट किंवा कीटकनाशके यांवर तर चूर्णाचा काहीच इलाज नाही.

आषाढी वारीत ही सारी परीक्षा चालत्या गावावर होते. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी सुमारे महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. पंढरपूरची वारी आणि पटकी यांचे नाते एकोणिसाव्या शतकातील आरोग्य अहवालांचा कायमचा विषय होते. आज मार्गावरील विहिरी व टँकर यांत चूर्ण टाकणे हा वारीच्या तयारीचा भाग झाला आहे. पटकीची धास्ती वारकऱ्याच्या बोलण्यातून जवळजवळ गेली; त्यामागे ज्या अनेक गोष्टी आहेत, त्यांत या झोंबऱ्या पावडरीचा वाटा मोठा आहे.

चूर्ण हाताळणारा माणूस

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील विरंजक चूर्णाच्या कारखान्यांत चूर्ण भरणारे मजूर तोंडावर फ्लॅनेलच्या अनेक घड्या घट्ट बांधून वायूने भरलेल्या कोठीत शिरत. रॉबर्ट शेरर्ड या पत्रकाराने १८९७ साली त्यांच्या हालांचे वर्णन प्रसिद्ध केले. क्लोरीनने दात झिजत, डोळे जळत, छाती भरे. त्याच वायूचा १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्र येथे युद्धात शस्त्र म्हणून वापर झाला.

ग्रामपंचायतीचा शिपाई किंवा पाणीपुरवठा कर्मचारी आजही तोंडाला रुमाल बांधून उघड्या हाताने बादलीत पावडर कालवतो. प्रस्तुत लेखकाने एका गावी असे पाहिले आहे की, पोते रॉकेलच्या कॅनशेजारी आणि खताच्या गोणीला टेकून ठेवले होते. तेल, रॉकेल वा अमोनियायुक्त खत यांच्याशी चूर्णाचा, विशेषतः त्याच्या अधिक शक्तीच्या प्रकाराचा, संयोग झाल्यास आग लागू शकते किंवा विषारी वायू निघतो. आम्लाशी गाठ पडली तर क्लोरीन तत्काळ सुटतो. शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल आणि ही पावडर एकत्र ओतण्याची घरगुती चूक यामुळेच जिवावर बेतते. पावडर पाण्यात टाकावी, तिच्यावर पाणी ओतू नये. प्लास्टिकच्या बादलीत कालवून निवळी तेवढी विहिरीत सोडावी, गाळ टाकून द्यावा. वाऱ्याकडे पाठ करावी. एवढे सांगणारा एक कागद त्या खोलीच्या भिंतीवर नव्हता.

शहरी जलशुद्धीकरण केंद्रांत चूर्णाची जागा बहुतांशी क्लोरीन वायूच्या सिलिंडरांनी घेतली आहे. तेथील धोका वेगळ्या मापाचा असतो. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडी येथे बंदराच्या आवारात पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरांतून गळती होऊन शंभराहून अधिक लोक बाधित झाले. १९७४ साली नेदरलँडमध्ये रूक याने दाखविले की, क्लोरीन व पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये यांपासून क्लोरोफॉर्मसारखी संयुगे बनतात. त्यावरून चूर्ण टाकूच नये असा निष्कर्ष काढणे गैर आहे. पटकीने मरणारा माणूस दोन दिवसांत मरतो. पाणी आधी गाळून, निवळून घ्यावे एवढाच त्या संशोधनाचा व्यवहारातील अर्थ होय.

२०२० सालच्या कोविडच्या साथीत या द्रव्यकुटुंबाने पुन्हा एकदा रूप बदलले. रस्त्यांवर, भिंतींवर आणि काही ठिकाणी माणसांच्या अंगावरही सोडियम हायपोक्लोराइट फवारले गेले. १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवरील फवारणी अपायकारक असल्याचे स्पष्ट केले. गटारीच्या कडेने पांढरी रेघ ओढण्याची आपली जुनी सवयही याच जातीची आहे. उघड्या मातीवर, उन्हात, घाणीच्या थरावर पडलेल्या चूर्णातील क्लोरीन त्या घाणीशीच झगडून संपतो. ती रेघ पाहुण्यांना दिसते. विहिरीतील अर्धा मिलिग्रॅम दिसत नाही.

जळगावच्या खानदेश मिलची जागा आता व्यापारी संकुलाने घेतली आहे आणि इतर गिरण्यांत विरंजनासाठी पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे द्रव्ये आली. ज्या उद्योगासाठी टेनंटचे चूर्ण जन्मले त्याने ते बव्हंशी सोडून दिले. गावच्या विहिरीने ते धरून ठेवले. वर उल्लेखिलेल्या गावी टीसीएलची नोंदवही पाहावयास मिळाली. तारीख, पाण्याचा साठा, टाकलेली पावडर आणि ओटीचा निष्कर्ष असे चार रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले होते आणि शेवटच्या रकान्यात सलग दोन महिने एकच शब्द होता. पोते केव्हा तयार झाले, केव्हा उघडले आणि त्यात किती टक्के क्लोरीन उरला आहे, यासाठी रकाना नव्हता. पोत्यावरील उत्पादनाची तारीख उन्हाने पुसट झाली होती. वर्ष वाचता आले, महिना नाही.